बोलता येईल इतक्याच वेगाने

झुलाल पाटील गाडी चालवत असला की म्हाताऱ्या बायका खिडकीला डोकं टेकून बिनघोर झोपत. धुळे आगारात त्याची ख्यातीच तशी होती. खड्डा आला तरी गचका बसायचा नाही, ब्रेक लागला तरी पुढच्या बाकावर कुणाचं कपाळ आदळायचं नाही. बोलायला मात्र तो फार कमी. ड्रायव्हरने रस्त्याकडे बघावं, बोलायचं काम कंडक्टरचं, असं त्याचं मत.

१९८६ सालच्या चैत्रात पारोळ्याहून धुळ्याला येताना, मुकटी गाव मागे पडल्यावर, त्याच्या छातीवर कुणीतरी गुडघा रोवल्यासारखं झालं. डावा हात भरून आला आणि समोरचा रस्ता अंधुक होत गेला. गाडीत बाजारची माणसं दाटीवाटीने उभी होती. झुलालने गिअर उतरवला, गाडी हळूच डांबरावरून खाली घेतली, निंबाच्या सावलीत उभी केली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं आणि मग स्टिअरिंगवर डोकं टेकलं. कंडक्टर छगन गर्दीतून वाट काढत पुढे आला.

"छगन, दुसरा ड्रायव्हर मंगाव," झुलाल पुटपुटला. "माले काही दखाई नही राहिनं."

छगनने मागून येणारी एक जीप आडवं उभं राहून थांबवली आणि झुलालला मांडीवर घेऊन धुळे गाठलं. डॉक्टरांनी सांगितलं, हार्ट अटॅक आहे, वेळेवर आणलंत. झुलाल तिथे पंधरवडाभर राहिला आणि मग गोळ्यांची पिशवी घेऊन निमखेड्याला घरी आला. निमखेडं म्हणजे धुळ्याहून पारोळ्याकडे जाताना फागण्याच्या अलीकडे लागणारं, पन्नासेक उंबऱ्यांचं गाव.

घरी आल्यावर त्याचा ताबा त्याच्या बायकोने, भागाबाईने घेतला. एकुलती एक मुलगी सुनंदा लग्न होऊन फैजपूरला गेलेली, तेव्हा घरात ही दोघंच. भागाबाईने ओसरीवर खाट टाकली, तिच्यावर दोन गोधड्या घातल्या आणि नवऱ्याला त्यावर असं बसवलं की जणू काचेचं भांडं फडताळात ठेवलं. पाण्याचा तांब्या त्याने उचलायचा नाही. दाराची कडी काढायची नाही. खोकला आला तरी ती स्वयंपाकघरातून धावत यायची.

"तुम्ही हालू नका. मी शे ना," एवढंच तिचं म्हणणं.

तिने विडीचं बंडल चुलीत घातलं, हे मात्र डॉक्टरांच्याही मनासारखं झालं. पण ताकद यावी म्हणून तिने शिरा सुरू केला, वरणावर तुपाची धार सुरू केली. भेटायला येणारे नातेवाईक आणखी तूप आणायचे. आल्यावर ते खाटेभोवती बसून, अमक्याला असाच झटका आला होता, तो संडासला गेला तो परत आलाच नाही, असल्या गोष्टी हळू आवाजात सांगायचे. झुलाल ऐकायचा आणि छातीवर हात ठेवून आतली धडधड तपासायचा. त्याला स्वतःच्या काळजाची भीती बसली. रात्री कुशीवर वळतानाही तो आधी विचार करायचा.

दोन महिन्यांनी त्याला तपासणीसाठी धुळ्याला नेलं, तेव्हा एका बाजूला छगन आणि एका बाजूला भाचा. दवाखान्याच्या चार पायऱ्या चढून झुलाल बाकावर बसला तो धापा टाकतच. पोटऱ्या वाळक्या काडीसारख्या झाल्या होत्या आणि पोट पुढे आलं होतं.

डॉक्टर खैरनार वयाने तरुण होते. त्यांनी ईसीजीचा कागद काढला, नळी लावली, सगळं बघितलं आणि विचारलं, "चालता किती?"

उत्तर भागाबाईने दिलं. "एक पाऊलबी चालू देत नाही मी."

"काय करता मग दिवसभर?"

"पडून राहतो," झुलाल म्हणाला.

डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. "आबा, हृदय म्हणजे स्नायूच. जखम झाली होती, ती आता भरली. पण तुम्ही त्याला आणि सगळ्या अंगाला खाटेवर निजवलंत. गाडी दोन महिने जागेवर उभी ठेवली तर काय होतं, मी तुम्हाला सांगू?"

"गाडीला वर्कशॉप असतं, साहेब," झुलाल म्हणाला. "पार्ट मिळतात."

डॉक्टर हसले आणि गाडीची उपमा सोडून उठले. त्यांनी झुलालचा दंड धरला आणि त्याला मागच्या अंगणात नेलं. तिथे लिंबाचं झाड होतं, भोवती फरशी होती. दोघं संथपणे चालू लागले. भागाबाई दारात पदराचं टोक तोंडात धरून उभी. डॉक्टरांनी विचारलं, तुम्ही सुरतेची गाडी नेत होतात ना, मग धुळ्याहून निघाल्यावर थांबे कोणकोणते? झुलाल सांगू लागला. कुसुंबा, नेर, साक्री. साक्रीला चहा कुठे चांगला मिळतो तेही सांगितलं. दहिवेलला एकदा गाडीत बकरी व्याली होती, तीही हकिकत निघाली. नवापूरकडे उतरणारा घाट सांगेपर्यंत झाडाभोवती कितीतरी फेऱ्या होऊन गेल्या होत्या.

"दम लागला?" डॉक्टरांनी विचारलं.

झुलाल थबकला. छातीवर हात नेला. आत धडधड होती, पण सरळ होती. "नाही," तो आश्चर्याने म्हणाला.

मग डॉक्टरांनी भागाबाईला जवळ बोलावलं. "अक्का, रोज सकाळी यांना चालायला न्यायचं. आधी थोडं, मग आठवड्या-आठवड्याने वाढवायचं. आणि सोबत तुम्ही जायचं, बोलत राहायचं. चालताना यांना नीट बोलता आलं पाहिजे. शब्द तुटायला लागले की वेग जास्त झाला, कमी करा. आरामात गाणं म्हणता यायला लागलं की थोडं भरभर चाला. छातीत दुखलं, दडपण आलं, घाम फुटला की तिथेच बसायचं, जिभेखाली गोळी धरायची आणि बरं नाही वाटलं तर थेट इकडे. तूप बंद. तेलाची तर्री बंद."

तूप बंद झालं ते भागाबाईने निमूट ऐकलं. तिला वेगळीच चिंता पडली होती. बसमध्ये बसल्यावर ती झुलालला म्हणाली, "पन बोलानं काय?"

झुलालला तरी कुठे ठाऊक होतं? लग्नाला सव्वीस-सत्तावीस वर्षं झाली होती. त्यातली निम्मी त्याने मुक्कामी गाड्यांवर काढली. घरी आला की झोपायचा, उठला की डबा घेऊन निघायचा. डबा दे, डबा घे, सुनंदाची फी भरली का, कापसाला पाणी दिलं का. याच्यापलीकडे बोलायची दोघांनाही सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं निघाली. गावरीतीप्रमाणे झुलाल पुढे आणि भागाबाई डोक्यावर पदर घेऊन चांगली दहा पावलं मागे. डॉक्टरांनी बोलायला सांगितलेलं तिच्या पक्कं लक्षात होतं. पण नवऱ्याची पाठ समोर असताना बोलायचं तर ओरडावंच लागणार. तिला सुचलं ते तिने ओरडून विचारलं.

"आहो! सकायमा पोट साफ व्हयनं का?"

झुलाल ऐकून न ऐकल्यासारखा चालत राहिला. तिला वाटलं, दम लागला म्हणून बोलत नाही. ती घाबरली आणि दुप्पट आवाजात तेच विचारलं. दोन्ही बाजूंच्या ओट्यांवरची माणसं वळून बघू लागली. शेजारची इंदिराबाई शेण थापत होती, ती हात थांबवून म्हणाली, "सांगी टाका भाऊ, आम्हलेबी घोर लागना!"

गल्लीभर हशा पिकला. झुलाल थांबला, वळला आणि दात-ओठ खात म्हणाला, "तू पहिले आठे ये. मनाजोये चाल."

"बठ्ठं गाव देखी राहिनं," भागाबाई पदर सावरत म्हणाली.

"देखू दे. ऐकी राहिनं त्यापेक्षा बरं."

अशी ती दोघं निमखेड्याच्या गल्लीतून पहिल्यांदा शेजारी-शेजारी चालली. भागाबाई मान खाली घालून चालत होती, पण चालत होती.

खरी अडचण डांबरी रस्त्यावर आली. दोनेकशे पावलं झाली नसतील तोच मागून हॉर्न वाजला आणि धुळे-एरंडोल गाडी त्यांच्यापाशी येऊन थांबली. ड्रायव्हर हिलाल, झुलालच्या हाताखाली तयार झालेला. त्याने केबिनमधून निम्मं अंग बाहेर काढलं.

"आबा! कोठे चालनात? बठा, बठा!"

"नही रे. असाच चाली राहिनू."

"असंच कोनी चालस का? ह्या तब्येतमा?" हिलालच्या डोळ्यांत पाणी आलं. कंडक्टर खाली उतरला, त्याने आबांचा हात धरला. प्रवासी खिडक्यांतून बघू लागले. कुणी म्हणालं, बिचाऱ्याला पायी पाठवलं. कुणी म्हणालं, गाडीला उशीर होतोय. शेवटी झुलालला लाज वाटली आणि तो चढला, मागून भागाबाई. दोघं फागण्याला उतरली, थोडा वेळ फाट्यावर उभी राहिली आणि उलट्या गाडीने परत आली. ती गाडीही त्यांना बघून आपसूक थांबली होती. चालायला गेलेली माणसं एस.टी.ने जाऊन एस.टी.ने आली, ही बातमी दुपारपर्यंत गावात पसरली.

तीन-चार दिवस असंच चाललं. प्रत्येक गाडीला समजावून सांगायचं तर चालायला वेळ उरेना, आणि रागावून सांगायचं तर माणसं प्रेमाची. मग दोघांनी डांबरी रस्ता सोडला आणि शेतांमधून जाणारी गाडवाट धरली. तिथे बैलगाडीवाले थांबू लागले. "काही हारपी गयं का आबा?" हा प्रश्न तर रोजचाच. बिनकामाचं चालणारा माणूस त्या शिवारात कुणी पाहिलाच नव्हता. वेड लागलं असेल किंवा म्हैस सुटली असेल, याशिवाय तिसरं कारण लोकांना सुचत नव्हतं.

त्यावर तोड भागाबाईने काढली. एके सकाळी तिने कमरेला विळा खोचला आणि रिकामी पाटी डोक्यावर घेतली. त्या दिवशी त्यांना एकानेही काही विचारलं नाही. बाई चाऱ्याला निघाली, सोबत नवरा आहे, संपलं. पाटी रिकामी गेली आणि रिकामी आली. झुलाल घरी पोचेपर्यंत गालातल्या गालात हसत होता, आणि त्याला हसताना बघून भागाबाईलाही हसू फुटलं.

आता बोलायला निवांत जागा मिळाली होती. सुरुवातीला ती दोघं दिसेल त्यावर बोलायची. कुणाच्या कपाशीवर मावा पडला, कुणाचा बांध सरकला. दिसणारं संपलं तेव्हा भागाबाई मागचं सांगू लागली. झुलाल गाडीवर असताना घरात काय काय घडलं ते. विहीर आटून मोट बंद पडली तो उन्हाळा. सासूने शेवटच्या दिवसांत भागाबाईचा हात धरून काय म्हटलं ते. झुलाल ऐकायचा, मध्ये एखादा शब्द टाकायचा. आपलंच घर, पण तो कुणा अनोळखी गावाची हकिकत ऐकावी तसा ऐकत होता.

पावसाळा सरत आला होता. दोघं नाल्याकाठच्या चढाला लागली होती आणि ती सुनंदाची गोष्ट सांगत होती. सुनंदा तीन वर्षांची असताना तापाने फणफणली. डोळे फिरवू लागली. नाल्याला पूर आलेला, धुळ्याचा रस्ता बंद, झुलाल सुरतेच्या गाडीवर. भागाबाईने पोरीला खांद्यावर टाकली आणि उलट्या बाजूने, शेता-शेतातून चिखल तुडवत फागण्याच्या डॉक्टरकडे नेली. वाटेत पोरीचा श्वास ऐकू यावा म्हणून तिचं तोंड आपल्या कानाशी धरलं होतं. "तेवढा एक आवाज," भागाबाई म्हणाली, "बाकी पाऊस पडी राहिंता का नही, तेबी माले याद नही."

झुलाल चालता चालता थांबला.

भागाबाईने पाटी टाकली. तिचा हात कनवटीला गेला, गोळीची पुडी बाहेर आली. "दुखस का? बठा. खाले बठा पहिले!"

"काही दुखत नही." तो तिच्याकडे वळला. "तू माले कधी सांगं का नही?"

"तुम्ही घर उनात तवय पोर आंगनमा खेळी राहिंती," ती म्हणाली. "मंग सांगानं काय?"

झुलालने तिच्या हातातली पुडी घेऊन परत तिच्या कनवटीला खोचली. खाली पडलेली पाटी उचलली, ती आपल्याच डोक्यावर ठेवली आणि तिच्या पावलाला पाऊल लावून चढ चढू लागला. त्या दिवशी वेग किती आहे, दम लागतोय का, हे दोघांच्याही ध्यानात राहिलं नाही.

दिवाळीपर्यंत झुलालची पोटरी भरली, पोट उतरलं. डॉक्टर खैरनारांनी कामावर जायला हरकत नाही म्हटलं, मात्र गाडी चालवायची नाही. आगारात त्याला नव्या ड्रायव्हरांसोबत बसायचं, हलकं काम मिळालं. स्टिअरिंग सुटलं याचं त्याला वाईट वाटलं. पहिल्या दिवशी दुपारी तो नुसताच उभ्या गाड्यांमधून हिंडत राहिला. पण घरी येऊन त्याने हे भागाबाईला सांगितलं. आधीचा झुलाल सांगणारा नव्हता.

त्याच हिवाळ्यात भागाबाईचा पाय मुरगळला. गाडवाटेवर पावसाळ्यातली चाकोरी वाळून खोल झाली होती. तिच्यात तिचं पाऊल वाकडं पडलं आणि ती "आई वं!" म्हणून खाली बसली. घोटा बघता बघता सुजला. झुलालने तिला उभं राहू दिलं नाही. मागून येणारी बैलगाडी या वेळी त्याने स्वतः हात करून थांबवली.

घरी इंदिराबाई गरम तेल, हळद आणि दोन तगडे अंगठे घेऊन हजर झाली. "आत्ते चोळी देस. संध्याकायले पळाले लागी."

"अक्का, चोळानं नही," झुलाल दारात आडवा झाला. चोळण्याने काय होतं हे त्याला नीट माहीत नव्हतं. पण हाड मोडलं नाही ना हे कळल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, एवढं तो धरून बसला. धुळ्याला फोटो काढला. हाड शाबूत होतं, सांध्याचा बंध ताणला गेला होता. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, सुरुवातीचे दिवस शेक नाही, मालिश नाही. माठातल्या पाण्यात फडकं भिजवून घोट्यावर ठेवा, पाय उशीवर उंच ठेवा, पट्टी बांधा. सूज उतरू लागली की मात्र पाय हलवायला लागा, पाऊल वर-खाली करा, मग हळूहळू भार द्या.

पहिला भाग झुलालने जिवापाड पाळला. दर थोड्या वेळाने फडकं बदलायचा. भाकरी त्याला थापता येईना, तेव्हा रोज खिचडी, आणि तीही कधी करपलेली, कधी पाणीदार. भागाबाई ताट पुसून खायची. दुसरा भाग मात्र तो सोयीस्कर विसरला. सूज उतरली, दुखणं कमी झालं, तरी तो तिला खाटेवरून उतरू देईना. तिने पाय खाली टेकवला की हा कावराबावरा.

"तू हालू नको. मी शे ना."

भागाबाईने त्याच्याकडे टक लावून बघितलं. "तुम्हले डॉक्टरनी काय सांगं व्हतं? पडी ऱ्हावानं का?"

झुलाल खाटेसमोरून बाजूला झाला. मग भागाबाई ओसरीच्या खांबाला धरून उभी राहिली. आधी दोन्ही पायांवर, पुढे काही दिवसांनी दुखऱ्या एका पायावर, बगळ्यासारखी. झुलाल तिच्यासमोर दोन्ही हात पसरून, गुडघ्यात वाकून, झेलायच्या तयारीत उभा. समोरच्या ओट्यावरून इंदिराबाई म्हणाली की आमच्या घरात एवढं कौतुक तान्ह्या पोराचंही झालं नाही. भागाबाईला हसू आलं, तोल गेला, आणि झुलालने तिला खरंच झेललं. त्यानंतर ती दोघं पदर आणि टोपी सावरत बराच वेळ वेगवेगळ्या दिशांना बघत राहिली. उन्हाळ्याच्या तोंडाशी ती पुन्हा त्याच्यासोबत चालू लागली, वाटेतल्या चाकोऱ्या मात्र आता झुलाल आधी बघायचा.

झुलाल १९९१ साली निवृत्त झाला. दोन वर्षांनी फैजपूरहून निरोप आला की सुनंदाचे सासरे तोताराम यांना झटका येऊन गेला आहे, घरी आणलंय, पण ते उठत नाहीत. दोघं लगोलग निघाली. केळीच्या बागांमध्ये वाढलेला, एका हाताने घड पेलणारा तोताराम पांढराफटक होऊन पलंगावर पडला होता. त्याची बायको कुंदाबाई उशाशी बसून वारा घालत होती. झुलालला ती उशाशी बसायची पद्धत चांगलीच ओळखीची वाटली.

"डॉक्टर चाला म्हणतात," तोताराम म्हणाला. "पण मले धाक वाटतो, भाऊ."

झुलालने त्याला धीर दिला नाही. काही होत नाही, असंही म्हटलं नाही. तो पलंगाच्या कडेवर बसला. "माले अजूनबी वाटस," तो म्हणाला. "चढ उना का रोज वाटस."

तोतारामने पहिल्यांदाच मान वळवून त्याच्याकडे नीट बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो अंगणापर्यंत आला, तिसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडापर्यंत. सोबत झुलाल केळीचे भाव विचारत चालायचा आणि तोताराम उत्तर देता देता तापायचा. सुनंदा दारातून बघत राहायची. लहानपणी तिने वडिलांना बहुतेक वेळा झोपलेलंच पाहिलं होतं. आणि आता आई वडिलांना सगळ्यांदेखत सांगत होती की इतकं भरभर नका बोलू, व्याह्यांना उत्तर तरी देऊ द्या.

आठ दिवसांनी तोताराम बागेच्या बांधापर्यंत जाऊन आला, तेव्हा दोघं परतीच्या गाडीला बसली. सुनंदाने केळीची फणी, शेव आणि डोळ्यांतलं पाणी, सगळं एकदमच दिलं. जळगावला गाडी भरली. एरंडोलच्या पुढे भागाबाईचे डोळे मिटू लागले. तिने खिडकीला डोकं टेकवून पाहिलं, पण गाडी गचके देत होती. नवा ड्रायव्हर प्रत्येक खड्डा मोजत होता. शेवटी तिचं डोकं घसरत घसरत झुलालच्या खांद्यावर आलं, डोक्यावरचा पदर सरकला आणि भरल्या गाडीत, ओळखीच्या कंडक्टरसमोर, ती गाढ झोपली.

झुलालने आधी इकडेतिकडे बघितलं. मग बघणं सोडून दिलं. पारोळं आलं, गेलं. खांदा अवघडला, दंडाला मुंग्या आल्या, बोटं बधिर झाली. तास-तासभर एका जागी बसायचं नाही, हातपाय हलवत राहायचं, हे तो आठ दिवस व्याह्यांना बजावून आला होता. फागणं दिसेपर्यंत त्याने खांदा हलवला नाही.